कॅसाब्लँकातली फ्रेंच शाळा: धाकटीला हो, थोरल्याला नको

प्रश्न मोठा होता म्हणून आधी माझ्या शब्दांत परत लिहिते, नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. चाकणच्या ऑटो पार्ट्स कंपनीतले एक गृहस्थ पुढच्या जुलैत मोरोक्कोला, कॅसाब्लँकाला निघालेत. करार ३ वर्षांचा, "कदाचित ५ होईल". मुलगा आत्ता सीबीएसईच्या सातवीत, मार्चमधे १३ पूर्ण. मुलगी सीनियर केजीत, पुढच्या नोव्हेंबरमधे ६ पूर्ण. घरात कोणालाच फ्रेंच येत नाही. फी कंपनी देणार पण एका मर्यादेपर्यंत. तिथले सहकारी म्हणतात की फ्रेंच शाळा अमेरिकन शाळेपेक्षा स्वस्त आणि अभ्यासाला कडक, दोघांनाही डोळे झाकून घाला, मुलं सहा महिन्यांत फ्रेंच बोलायला लागतात. तर घालावं का?

मी पुण्यात फ्रेंच शिकले, मग शिकवलं, आणि नवऱ्याच्या बदल्यांमुळे ११ वर्षं परदेशातल्या फ्रेंच शाळांमधे काम केलं, त्यातली बरीचशी उत्तर आफ्रिकेत. काम काय, तर फ्रेंच न येणाऱ्या मुलांना रोज तासभर वर्गातून बाहेर काढायचं आणि परत वर्गात बसता येईल इतकं तयार करायचं. त्यामुळे "सहा महिन्यांत" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसू येतं. खोटं नाहीये ते, पण अर्धंच आहे, त्यावर पुढे येते.

सगळे जण प्रश्न विचारतात तो शाळेत शिरण्याचा. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न बाहेर पडण्याचा आहे. ३ वर्षांनी तुम्ही सामान बांधाल तेव्हा कोणतं मूल कोणत्या इयत्तेत असेल, त्याच्या हातात कोणता कागद असेल आणि तो कागद पुण्यात कोण घेईल, एवढं आधी मांडलं की निम्मा निर्णय आपोआप होतो. आणि तुमच्या घरात दोन मुलांची दोन वेगळी उत्तरं येतात, हे कोणालाच आवडत नाही ते मला माहितीये.

आधी ही शाळा म्हणजे काय ते थोडक्यात, कारण "इंटरनॅशनल" शब्दाने लोक फसतात. नाव काहीही असो, आत चालतो तो फ्रान्सचा सरकारी अभ्यासक्रम, पॅरिसच्या शिक्षण मंत्रालयाने मान्यता दिलेला. अशा शाळांचं जाळं सांभाळायला १९९० मधे एईएफई नावाची सरकारी संस्था काढली, ती परराष्ट्र मंत्रालयाखाली येते. काही शाळा ती स्वतः चालवते, काहींशी करार असतो, काही नुसत्या भागीदार. कॅसाब्लँकातली लिसे लिओते ही थेट त्यांचीच, १९१२ साली तिथं पहिला फ्रेंच रेसिडेंट जनरल म्हणून आलेल्या मार्शल लिओतेच्या नावाची. तिथं फक्त माध्यमिक आणि पुढचे वर्ग आहेत, प्राथमिक शाळा वेगळ्या, शहरात निरनिराळ्या भागांत. मिसियों लाइक ही १९०२ पासूनची दुसरी संस्था, तिच्याही शाळा शहरात आहेत. या सगळ्याचा तुम्हाला फायदा एकच पण मोठा: एका मान्यताप्राप्त शाळेतून दुसरीत, मग ती दिल्लीत असो, पाँडिचेरीत असो की नैरोबीत, जागा असेल तर मूल प्रवेश परीक्षा न देता पुढच्या वर्गात जातं. सतत फिरणाऱ्या घरांना हे वरदान आहे. पण तुम्ही ३ वर्षांनी पुण्यात परत येणार आणि पुण्यात अशी शाळा नाही, मुंबईत आहे. म्हणजे तुमच्यासाठी हा फायदा बराचसा कागदावरच.

आता इयत्तांचा हिशोब. फ्रेंच लोक इयत्ता जन्मवर्षावर ठरवतात. ज्या कॅलेंडर वर्षात मूल ६ पूर्ण करतं त्या सप्टेंबरला ते पहिलीत, म्हणजे सेपेत. महिना बघत नाहीत, जानेवारीचं आणि डिसेंबरचं एकाच वर्गात. तुमची मुलगी नोव्हेंबरची, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात लहानांपैकी, पण सेपेतच. मुलगा त्यांच्या कात्रिएममधे, म्हणजे आपली आठवी. त्यांचे आकडे उलटे मोजतात, सहावीला सिझिएम, मग पाच, चार, तीन, आणि शेवटी दुसरा (सगोंद), पहिला (प्रमिएर), अंतिम (तेर्मिनाल). सुरुवातीला पालकांचा गोंधळ होतो, "वर गेला की खाली आला" विचारतात.

मुलाचं बघा. कात्रिएम, त्रुआझिएम, सगोंद अशी ३ वर्षं, म्हणजे आपली आठवी, नववी, दहावी. त्यांची पहिली मोठी परीक्षा, ब्रव्हे, त्रुआझिएमच्या शेवटी असते, आपल्या नववीच्या जागी. सगोंदला बाहेरची बोर्ड परीक्षा नाहीच. म्हणजे मुलगा ३ वर्षांनी पुण्यात येईल, अकरावीचा फॉर्म भरायला बसेल, आणि दहावीच्या मार्कांच्या रकान्यात लिहायला त्याच्याकडे बोर्डाचं काहीच नसेल. शाळेचं प्रगतिपत्रक असेल, २० पैकी गुण असलेलं, फ्रेंचमधे. ते घेऊन समकक्षतेसाठी किती खेटे घालावे लागतात ते मी एका नाशिकच्या घराचं जवळून पाहिलंय, त्या काकूंनी शेवटी मुलाला एक वर्ष मागे बसवलं. दोनच वर्षांत परत आलात तरी सुटका नाही, सीबीएसईत दहावीची नोंदणी नववीतच होते, मधेच दहावीत शिरणं अवघड.

आणि ५ वर्षं मिळाली तर? तर गणित एकदम बदलतं, कारण ५ वर्षांत तेर्मिनाल पूर्ण होऊन बाक, म्हणजे त्यांच्या बारावीचं प्रमाणपत्र, हातात येतो. भारतात कॉलेजला जाताना एआययूकडून, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या संघटनेकडून, समकक्षता प्रमाणपत्र काढायचं, विषय इंजिनियरिंगला लागतात तसे आधीपासून निवडायचे. प्रमिएरला ३ मुख्य विषय घेतात आणि तेर्मिनालला त्यातला एक सोडतात, तेव्हा गणित आणि फिजिक्स-केमिस्ट्री शेवटपर्यंत धरून ठेवणं आलं. पण त्याच्या आधीचा दगड बघा: प्रमिएरच्या शेवटी फ्रेंच साहित्याचा ४ तासांचा लेखी पेपर आणि वर तोंडी. नंतर तेर्मिनालला तत्त्वज्ञानाचा आणखी ४ तासांचा. शून्यापासून सुरू केलेल्या मुलाला ४ वर्षांत कवितेवर फ्रेंच मुलांच्या बरोबरीने निबंध लिहायचा आहे. होतं का? होतं. माझ्या हाताखालून एक मुलगा १२ व्या वर्षी आला आणि बाक उत्तम करून बाहेर पडला. पण त्याची आई त्याच्या बरोबरीने फ्रेंच शिकली, घर ८ वर्षं एकाच शहरात राहिलं, आणि मुळात तो पोरगा वाचनवेडा होता. तीनही गोष्टी जुळून आल्या. तुमच्या "कदाचित ५" मधे त्यातली एकही अजून पक्की नाही.

आता ते "सहा महिने". मैदानावरची भाषा खरंच लवकर येते. लहान मुलं आधी ३-४ महिने गप्प बसतात, आईबाप घाबरतात, मग एके दिवशी अचानक बांध फुटल्यासारखी बोलतात. एक सहा वर्षांची मुलगी माझ्याकडे सप्टेंबर ते डिसेंबर एक शब्द बोलली नव्हती, मानेनेच हो-नाही. जानेवारीत सुट्टीनंतर आली आणि झोपाळ्यावरून ढकलणाऱ्या पोराला कमरेवर हात ठेवून अस्खलित फ्रेंचमधे झापलं, व्याकरणासकट. मी खिडकीतून बघतच राहिले. पण अभ्यासाची भाषा ही वेगळी चीज आहे, तिला ५ ते ७ वर्षं लागतात. "समजा", "त्याअर्थी", "सिद्ध करा", "लेखकाला इथे काय सुचवायचं आहे", ही भाषा मैदानावर कोणी बोलत नाही. सेपेतल्या मुलीला घाई नसते, तिच्या वर्गातली फ्रेंच मुलंसुद्धा त्याच वेळी अक्षरं गिरवत असतात. कात्रिएममधल्या मुलाच्या वर्गातली मुलं ७-८ वर्षं पुढे असतात, आणि ती त्याच्यासाठी थांबत नाहीत.

लोक म्हणतात गणित तर सगळीकडे सारखंच. नाही हो! भारतातून आलेला, गणितात कायम पहिला असा एक आठवीतला मुलगा पहिल्या चाचणीत २० पैकी ६ घेऊन आला. गणित येत होतं, प्रश्नच कळत नव्हता, कारण तिकडे गणिताचा प्रश्न म्हणजे अर्ध्या पानाची गोष्ट असते आणि उत्तराबरोबर कारण पूर्ण वाक्यांत लिहावं लागतं. वर त्यांचं दशांशचिन्ह म्हणजे स्वल्पविराम. या पठ्ठ्याने दीड हजार म्हणून १,५०० लिहिलं ते बाईंनी दीड वाचलं. भागाकाराची मांडणी उलटी, भाजक उजवीकडे आणि भागाकार त्याच्या खाली. १ ला ते मोठा शेंडा काढतात आणि ७ ला मधे आडवी रेघ, त्यामुळे आपल्या मुलाचा ७ त्यांना १ वाटतो. एकेक गोष्ट क्षुल्लक, पण १३ वर्षांच्या, हुशार म्हणून वाढलेल्या मुलाला रोज असं दहा ठिकाणी ठेच लागली की तो हात वर करायचा थांबतो. मला मार्कांपेक्षा त्याची भीती वाटते. त्या मुलाने दुसऱ्या वर्षी मला सांगितलं, बाई मला इथं सगळे मठ्ठ समजतात.

गुणांवरून आठवलं, २० पैकी गुण वाचायला शिका नाहीतर घरात रडारड होईल. १० म्हणजे पास, १२ बरा, १४ चांगला, १६ च्या वर फारच उत्तम. साहित्यात वगैरे १८ क्वचितच कुणाला देतात. आपल्याकडच्या ९५ टक्क्यांच्या सवयीने १३ बघितले की लोक ट्यूशन शोधायला लागतात. शेऱ्यांचंही तसंच, "अजून चांगलं करू शकतो" हा शेरा त्यांच्याकडे इतका सर्रास देतात की त्यात रागही नसतो आणि कौतुकही नसतं.

मुलीचं मात्र मी मोकळेपणाने हो म्हणते. ३ वर्षांनी परत आलात तर पहिली-दुसरी-तिसरी करून ती चौथीत, ५ वर्षांनी आलात तर प्राथमिक पूर्ण करून सहावीत, दोन्हीकडे दार सरळ उघडतं, बोर्डाचा प्रश्नच नाही. शिवाय त्यांची प्राथमिक शाळा मला मनापासून आवडते. सेपेपासून अक्षराला अक्षर जोडून लिहायचं गोल वळण, त्यासाठी सेयेस नावाच्या बारीक आखणीच्या वह्या, थोड्या मोठेपणी शाईचं पेन, दर थोड्या दिवसांनी नवी कविता पाठ, आणि दिक्ते म्हणजे शुद्धलेखन. आपल्या आजोबांची मराठी शाळा आठवते. पाटीसुद्धा आहे! आर्दुआझ म्हणतात, आता बहुतेक पांढरी आणि मार्करची, बाई तोंडी गणित घालतात, सगळ्यांनी उत्तर लिहून पाटी वर करायची. फ्रान्समधे प्राथमिकला लेखी गृहपाठावर १९५६ पासून बंदी आहे, तरी वाचन, कविता आणि शुद्धलेखनाचे शब्द घरी येतातच, ते रोज २० मिनिटं धरा.

आकड्यांना घाबरू नका. फ्रेंचमधे ९९ ला चार-विसा-दहा-नऊ म्हणतात, सगळ्या परदेशी मुलांची तिथं वाट लागते. मराठी मुलांना मी सांगायचे, तुम्ही नव्याण्णव आणि एकोणऐंशी शिकलात, तुम्हाला कसली भीती. २०१९ मधे आपल्या बालभारतीने दुसरीत "सत्तर दोन" आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, तो वाद मी तिथल्या सहकाऱ्यांना सांगितला तर त्यांना फार मजा वाटली, त्यांच्याकडे बेल्जियम आणि स्वित्झर्लंडवाले ७० ला सरळ सेप्तांत म्हणतात आणि फ्रेंच माणूस त्यांना हसतो.

मुलीच्या बाबतीत काळजी घ्यायच्या दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही घरच्या. एक म्हणजे घरात फ्रेंच बोलायचा प्रयत्न करू नका. शाळेतल्या कोणी सुचवलं तरी नको. तुमचं मोडकं फ्रेंच तिच्या काही कामाचं नाही, तुमचं पक्कं मराठी आहे. गोष्टी मराठीत सांगा, भांडा मराठीत. आणि देवनागरी रोज थोडी थोडी लिहून घ्या, कारण २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, परत आल्यावर चौथीत बसून बाराखडी गिरवायला तिला लाज वाटेल. दुसरी गोष्ट इंग्रजी. या शाळांत इंग्रजी लहानपणापासून असतं पण आठवड्याला थोडेच तास, आणि वाचन फ्रेंचमधून आल्यामुळे ती इंग्रजी शब्द फ्रेंच उच्चाराने वाचणार, टेबलला "ताब्ल". गंमत म्हणजे जी आणि जे या अक्षरांची नावं दोन्ही भाषांत जवळजवळ उलटापालट आहेत, फ्रेंचमधे जी ला झे आणि जे ला झी. स्पेलिंग सांगताना वर्षभर घोळ घालेल, घालू दे. सेपेचं वर्ष इंग्रजी वाचन मुद्दाम शिकवू नका, नुसत्या गोष्टी वाचून दाखवा, दुसरीत फ्रेंच वाचन बसलं की मग सुरू करा. मोरोक्कोत वर शाळेत अरबी आणि रस्त्यावर दारिजा, म्हणजे तिथली बोली अरबी, असते, म्हणजे पोरीच्या कानावर पाच भाषा पडणार. लहान मुलांचं डोकं त्याने फुटत नाही, आपलंच फुटतं.

प्रवेश मिळेलच असं धरून चालू नका. मोरोक्कोत या शाळांना मागणी प्रचंड आहे. फ्रेंच नागरिकांना प्राधान्य, मोरोक्कन मुलांना परीक्षा, आणि आपण तिसरे, जागा उरली तर. आधी फ्रेंच शाळेत नसलेल्या मुलाची फ्रेंच आणि गणिताची चाचणी घेतात, म्हणजे खरं सांगायचं तर तुमच्या मुलाचा प्रश्न शाळाच निकालात काढेल अशी बरीच शक्यता आहे. सेपेच्या मुलीला जागा असेल तर सांभाळून घेतात, निदान माझ्या अनुभवात घेतलंय. सप्टेंबरचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच मागवतात, जुलैत पोचून चौकशी केलीत तर उशीर झालेला असेल, आत्ताच ईमेल टाका, फ्रेंचमधे टाका, पुण्यात आलियाँस फ्राँसेझमधे कोणीही लिहून देईल. आणि तिथंच मुलीला नव्हे, मुलीच्या आईला आणि बाबांना क्लास लावा. शाळेतून येणाऱ्या वहीतल्या चिठ्ठ्या, उद्या बस नाही, परवा सहल, याला कपडे द्या त्याला दहा दिऱ्हाम द्या, सगळं फ्रेंचमधे असतं.

फीबद्दल. अमेरिकन शाळेपेक्षा स्वस्त हे साधारण खरं, कारण फ्रेंच सरकारचा पैसा त्यात असतो. पण तिथं राष्ट्रीयत्वाप्रमाणे वेगवेगळे दर आहेत, फ्रेंच, मोरोक्कन आणि इतर, आणि "इतर" म्हणजे तुम्ही, सहसा सगळ्यात महाग दर. पहिल्या प्रवेशाची एकरकमी फी वेगळी आणि ती जबरी असते, परत मिळत नाही. शिष्यवृत्ती फक्त फ्रेंच नागरिकांना. कंपनीच्या मर्यादेत ही पहिली फी, बस आणि कँटीन धरलंय का ते विचारा, बहुतेक एचआरवाले फक्त ट्यूशन फी धरतात आणि मग भांडणं होतात. शाकाहारी असाल तर कँटीनचं आधी विचारा, डबा चालतो का, की जेवायला घरी नेता येतं, प्रत्येक शाळेचा नियम वेगळा. एका शाळेत आमच्या एका मुलाने वर्षभर फक्त ब्रेड आणि उकडलेलं गाजर खाल्लं आणि आईला कधी सांगितलं नाही.

मग मुलाचं काय करायचं. कॅसाब्लँकात इंग्रजी माध्यमाच्या अमेरिकन आणि ब्रिटिश पद्धतीच्या शाळा आहेत. माझा कल ब्रिटिश पद्धतीकडे, कारण तिथं दहावीच्या वयाला आयजीसीएसई होते, म्हणजे बाहेरच्या परीक्षेचा कागद हातात येतो आणि अकरावीला तो चालतो. विषय मात्र नीट मोजून पाच तरी घ्या, सायन्सला जायचं असेल तर गणित आणि शास्त्र सोडू नका. फ्रेंच त्याला तिथंही विषय म्हणून मिळेल, रस्त्यावर तर मिळेलच, ३ वर्षांत चांगलं बोलेल आणि कोणी त्याला मठ्ठ समजणार नाही. दुसरा पर्याय तुम्ही शेवटच्या ओळीत हळूच लिहिलाय, आजी-आजोबांकडे पुण्यात ठेवायचं. वाईट नाही तो, पण १३ ते १६ हे वय आईबापांपासून लांब काढायचं का हे मी सांगणारी कोण. त्याला विचारलंय का?

दोन मुलं दोन शाळांत म्हणजे दोन बस, दोन वेळापत्रकं आणि न जुळणाऱ्या सुट्ट्या. फ्रेंच शाळेत दर ६-७ आठवड्यांनी सुट्टी येते आणि बऱ्याच ठिकाणी बुधवारी अर्धा दिवस, दुसऱ्या शाळेचं काहीतरी तिसरंच, रमझानमधे दोघांच्याही वेळा बदलतात. त्यामुळे घर शाळा ठरल्यावर घ्या, आधी नको. तुमचा प्लांट बहुतेक दक्षिणेला बेर्रेशिदच्या बाजूला असेल, तर प्लांटजवळ घर घेण्याचा मोह होईल, पण सकाळच्या ट्रॅफिकमधे सहा वर्षांच्या पोरीला शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवण्यापेक्षा तुम्ही गाडी चालवलेली बरी.

आणि एचआरला आजच विचारा की ५ वर्षं लेखी देणार का. दिली तर इथंच लिहा, मुलाबद्दल मी परत नव्याने विचार करून सांगेन, बाकी मुलीचा अर्ज त्यासाठी थांबवू नका.